वाऱ्याची बाजू

१

जहाज करायची टूम माझी, पण त्यात जीव ओतला तो ताईनं.

मी आयुष्यभर दातांच्या कवळ्या केल्या. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे, मी त्यावर मेण चढवायचो, दात बसवायचो आणि परत पाठवायचो. ज्यांच्या तोंडात त्या जायच्या त्यांतल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नाही. ताई हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा मी चड्डीत होतो आणि ती नुकती नोकरीला लागली होती. मला तिनंच वाढवलं. माझं लग्न एकदा ठरता ठरता राहिलं. तिचं ठरण्यापर्यंतही गेलं नाही, कारण घरात मी होतो.

दोघंही रिटायर झालो आणि घरात एकमेकांच्या पायात पायात यायला लागलो. मी भाजी चिरली तर तिला ती जाड वाटायची, तिनं रेडिओ लावला तर मला तो मोठा वाटायचा. तेव्हा मी लाकडी जहाजाचा एक संच मागवला. खोक्यात पातळ फळ्या, काठ्या, धाग्याची रिळं आणि टेबलभर पसरेल एवढा नकाशा.

"या वयात खेळणी?" ताई म्हणाली.

पण मी पहिल्या डोलकाठीचे दोर बांधायला बसलो तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिनं सहन केलं.

"ही गाठ आहे का शेंबूड? हो बाजूला."

कपाटाच्या तळातून तिनं थिएटरमधली जुनी हत्यारं काढली, टाके घालायचा चिमटा आणि बारीक कात्री. चिमट्याच्या टोकावर धागा एकदा गुंडाळला, खेचला, उलटा गुंडाळला, खेचला. गाठ दिसलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून सांगाडा माझा आणि दोर-शिडं तिची, अशी वाटणी झाली. मी खाली, ती वर. बाजूच्या खोलीतल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसायचो आणि तासन् तास बोलायचोही नाही. एवढी चांगली वर्षं आमची आधी कधीच गेली नव्हती.

त्या खोलीची खिडकी आम्ही उघडत नव्हतो. रस्त्यावरची धूळ ओल्या डिंकावर बसते, म्हणून मी फटींना चिकटपट्टी लावली होती. पंखाही बंद. वाऱ्यानं धागे गुंततात.

२

शिडं तिनं वापरून मऊ झालेल्या सुती चादरीतून बेतली. कडांना दुमड घातली, आणि ती दुमड इतकी बारीक की भिंग लावल्याशिवाय टाके दिसू नयेत. सगळी चढवून झाली तेव्हा ती काठ्यांवरून सरळ खाली लोंबत होती, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांसारखी.

"मेल्यासारखी दिसतात," मी म्हणालो.

"मग काय नाचू दे त्यांना?"

डिंकाचं पाणी लावून शिडं फुगल्यासारखी कडक करता येतात, असं नकाशावर लिहिलं होतं. ते करायचं राहून गेलं.

नंतर एका दुपारी डुलकी काढून मी उठलो, चहा टाकण्याआधी सवयीनं त्या खोलीत डोकावलो, आणि शिडं फुगलेली होती.

सगळी. एकाच बाजूला. छान, गोल, भरलेली. मला आधी आनंदच झाला. ताईनं गुपचूप डिंक लावलेला दिसतोय, असं वाटलं. मी जवळ जाऊन मोठ्या शिडावर बोट टेकवलं. कापड कडक नव्हतं. बोटाखाली ते दबलं, आणि बोट काढल्यावर पुन्हा भरून आलं. लहान मुलानं गाल फुगवून धरावा आणि आपण तो दाबावा, तसं.

मी पंख्याकडं पाहिलं. बंद. खिडकीच्या पट्टीवरून हात फिरवला, कुठं सुटली नव्हती. दाराखालून हवा येत असेल म्हणून टॉवेल लावून पाहिला. मधल्या डोलकाठीच्या टोकावर ताईनं नखाएवढं निशाण लावलं होतं. ते ताठ उभं राहून स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बोट दाखवत होतं. भिंतीपलीकडं ताई कपबशा विसळत होती, मला नळाचा आवाज ऐकू येत होता.

नळ बंद झाला. तिच्या चपला स्वयंपाकघरातून तिच्या खोलीकडं गेल्या, आणि निशाण त्या चपलांबरोबर सावकाश वळलं.

मी डोळे चोळले. झोपेतून उठलं की माणसाला काय काय दिसतं. मी जाऊन चहा टाकला.

३

शेजारी एक ड्रॉइंग मास्तर राहायचे. आमच्याच वयाचे, एकटे, आणि चहाच्या वेळा त्यांना कशा कळायच्या कुणास ठाऊक. जहाजावर त्यांचा तसा राग होता. "अहो, बोटी कसल्या बांधताय, गच्चीवरची टाकी गळतेय ती बघा. बिल्डिंग बुडाली तर मात्र उपयोगी पडेल तुमची बोट," असं ते दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

त्या दिवशी मात्र ते दारातच थांबले.

"वा! शिडं काय झकास फुगवलीत! कशानं हो?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "डिंकाच्या पाण्यानं."

डोळ्याची पापणी लवली नाही तिच्या. मास्तरांनी हात पुढं केला, तर तिनं पटकन त्यांच्या हातात बशी दिली. "लांबूनच बघा. अजून ओलं आहे."

ते गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगायचं? वारा आहे म्हणून?"

खोलीतली हवा जागची हलत नव्हती. उकाड्यानं माझी मान घामेजली होती. ताईच्या कपाळावरची बट मात्र मागं उडत होती, आणि ती एका हातानं ती कानामागं सारत होती. पुन्हा उडत होती, पुन्हा सारत होती.

"तुला जाणवतो?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. टेबलावर आडव्या असलेल्या माणसाकडं ती असंच पाहत असणार, भूल चढली की नाही ते बघायला.

"तुला नाही जाणवत?" ती म्हणाली.

४

मग ताईची चाल बदलली.

आधी ती भिंतीला हात लावून चालायला लागली. मला वाटलं, चक्कर. नंतर भिंतीची गरज संपली, पण पावलं फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून चालायची, आणि चालताना कधी डावीकडं कलायची तर कधी उजवीकडं. आमची फरशी अगदी सपाट आहे. तरी तिच्या हातातल्या कपातला चहा एका काठाशी चढायचा, मग सावकाश दुसऱ्या काठाशी. सांडायचा मात्र नाही. मी तो चहा बघत राहायचो. माझ्या कपात तो गप्प असायचा.

तिच्या डाव्या गालाचा रंगही बदलत होता. म्हणजे गाल रापत होता. शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचा रापतो तसा, आणि ओठांच्या कडा उलून आल्या होत्या. उजवा गाल होता तसाच गोरा, थिएटरच्या दिव्यांखाली जन्म काढलेल्या बाईचा.

खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. नव्या होत्या तेव्हा त्यांनी ताईच्या हॉस्पिटलात काम केलं होतं आणि अजूनही त्या तिला सिस्टर म्हणायच्या. त्यांनी कान तपासले, दाब पाहिला, पायावर अंगठा दाबला. अंगठ्याचा खळगा भरायला वेळ लागला.

"सिस्टर, तुम्हाला मी सांगायला हवं का? हार्ट थकलंय. पाणी साठतंय अंगात. मीठ बंद करा आणि गोळ्या चुकवू नका."

"मीठ कुठं खाते मी," ताई म्हणाली आणि उललेल्या ओठांवरून जीभ फिरवून हसली.

ती जिना चढायला लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला हळूच थांबवलं.

"उन्हात फिरतात का त्या?"

"घराबाहेरही पडत नाही."

"मग हा गाल?" त्यांनी विचारलं. जिन्याकडं एक नजर टाकून म्हणाल्या, "लक्ष ठेवा. धाप लागली तर लगेच हाक मारा. वाट बघू नका."

हार्ट थकलंय. मला ते ऐकून चक्क बरं वाटलं. थकलेल्या हार्टमुळं तोल जातो, भास होतात, रंगही बदलत असेल. डॉक्टर नसलेल्या माणसाला कुठं एवढं कळतं? मी दिवसभर स्वतःला हेच सांगितलं. आणि संध्याकाळी जहाजाची दिशा उलटी करून ठेवली, नाळ म्हणजे पुढचं टोक भिंतीकडं.

सकाळी नाळ भिंतीकडंच होती. निशाण मात्र नाळेच्या उलट दिशेला वळून ताईच्या खोलीकडं ताठ झालं होतं.

५

"ताई, ते मोडून टाकू या," मी एकदा म्हणालो.

ती तेव्हा त्या खोलीतच बसायला लागली होती. काम संपलं होतं, तरी आरामखुर्ची टेबलाशी ओढून, डोळे मिटून बसायची. मी दारात उभा होतो. आत जायला मला नको वाटायचं.

"का?"

"तुझी तब्येत बिघडतेय."

"ती बिघडायचीच होती. माझ्या आईचंही हार्टच होतं. तुझ्याही आईचं," ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "बारक्या, थिएटरला खिडकी नसते, माहितेय तुला?"

"हो."

"नाही माहीत. सांगून कळत नाही ते. बाहेर पाऊस आहे का ऊन आहे, दिवस आहे का रात्र, काही कळायचं नाही. हवासुद्धा मशीनमधनं यायची. थंड, आणि तिला कसला वासच नसायचा. सगळी उमर त्या हवेत उभी राहिले मी. घरी यायचे तर तुझा डबा, तुझा अभ्यास, तुझी पडशी. मी तक्रार करत नाहीये हां. पण आता जरा वारा लागतोय, तर लागू दे ना."

मी म्हणालो, "कुठून येतो तो?"

"मागनं. मागनं आला की बरं असतं." तिनं डोळे उघडले नाहीत. "गाठी चांगल्या बसल्यात माझ्या. सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

ती गप्प झाली. एखाद्यानं दुसऱ्याच्या घरातली गोष्ट बोलून जावी आणि मग जीभ चावावी, तशी. खुर्ची हलत नव्हती. तिची मान मात्र श्वासाच्या लयीत नसलेल्या एका लांब, संथ लयीत मागं-पुढं होत होती. त्या शांततेत मला लाकूड कुरकुरल्याचा आवाज आला. टेबलाचं असेल. जुनं टेबल आहे.

६

आत काय आहे ते बघायचं मी ठरवलं.

आत काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तो सांगाडा मी बांधला होता. प्रत्येक बरगडी घासून बसवली होती, डिंकाचे ओघळ कुठं राहिलेत तेही मला पाठ होते. डेकच्या मधोमध बोटभर चौकोनी झडप होती. तिच्यातून डोळ्यानं आतलं दिसत नव्हतं, पण दाढांच्या मागची बाजू बघायचा लांब दांड्याचा आरसा माझ्या हत्यारांत होता. नाणं असावं तेवढा गोल.

सकाळची वेळ होती. ताई आंघोळीला गेली होती, बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. खोलीत लख्ख उजेड होता. मी झडप उचलली, टॉर्च धरला आणि आरसा आत सोडला.

बरगड्या दिसल्या नाहीत. आरशात नुसता काळोख होता. टॉर्चचा उजेड त्यात जात होता आणि कशावर पडतच नव्हता. मी दांडा आणखी खाली सोडला. तळ लागायला हवा होता. दांडा संपला, माझी बोटं झडपेत गेली, तरी आरसा कशाला टेकला नाही. बोटांना गार हवा लागली. ओल्या लाकडाचा, दोरांचा, खूप माणसं दाटीवाटीनं राहतात तिथं असतो तसला वास आला.

मग फार खाली काहीतरी चकाकलं. मोठं, सपाट आणि हळूहळू वर-खाली होणारं.

मी आरसा तिरका करायला गेलो. पण त्याआधीच तो तिरका झाला. माझ्या बोटांनी नाही. खालून कुणीतरी तो धरला होता आणि अलगद, न ओढता फिरवत होता. मी साच्यावर वाकून दातांच्या मागं बघायला फिरवायचो, अगदी तसा.

आरशाचं एक असतं. आपल्याला त्यात जे दिसतं, त्यालाही आपण दिसत असतो.

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला.

"बारक्या," बंद दारामागून ताई म्हणाली, "काढ ते बाहेर."

मी काढलं. तिथून मी तिला दिसणं शक्य नव्हतं. आरशावर एक थेंब होता. तो मी जिभेला लावला, आणि खारट लागल्यावर स्वयंपाकघरातल्या मोरीत जाऊन ओकलो.

७

त्यानंतर मी काही समजून घ्यायचं सोडून दिलं. मला फक्त ते घरातून जायला हवं होतं. तोडायची हिंमत झाली नाही. तोडताना आत काय सापडेल कुणास ठाऊक. जाळणं तर लांबच राहिलं.

मास्तरांना म्हणालो, "तुमच्या जुन्या शाळेत शोकेस आहे ना? तिथं देऊन टाकू."

"अहो, एवढं केलंत आणि देऊन टाकता?"

"ताईला धुळीचा त्रास होतो."

"मग काय प्रश्नच नाही. उद्या सकाळी नाश्ता झाला की येतो. माझा की तुमचा ते तुम्ही ठरवा."

ताईला आता उशा लावून बसवावं लागत होतं. आडवं झालं की धाप लागायची. त्या सकाळी मी तिला गोळ्या दिल्या, पांघरूण सारखं केलं आणि सांगून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं.

"दार लहान आहे रे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आडव्या काठ्या रुंद आहेत. उभं जाणार नाही ते. कलंडवावं लागेल."

मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. खरंच होतं. जहाज आम्ही खोलीतच बांधलं होतं, ते बाहेर कसं काढायचं याचा दोघांनीही विचार केला नव्हता.

"थोडंसंच," मी म्हणालो. "चौकटीपुरतं."

तिनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "नको करू, बारक्या. सगळं भरलेलं आहे. झडपा उघड्या आहेत."

"ताई, ते खेळणं आहे. तूच म्हणाली होतीस."

"मी तिथं आहे आता," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, मी दुकानात आहे किंवा मी गच्चीवर आहे असं सांगावं तशी.

मी तिची बोटं एक एक करून सोडवली. पेशंटला टेबलावर घेताना ती काय म्हणायची ते मला माहीत होतं, लहानपणी मला इंजेक्शन देतानाही तेच म्हणायची. "डोळे मिटून घे," मी म्हणालो. "काही होत नाही."

तिनं डोळे मिटले नाहीत.

८

मास्तरांनी पुढची बाजू धरली, मी मागची. उचलताना दोघांच्याही तोंडून आवाज निघाला.

"काय शिसं भरलंय का हो यात?" मास्तर म्हणाले.

जहाजाची मागची बाजू माझ्या तोंडासमोर होती. तिथं ओळीनं चौकोनी खिडक्या होत्या, प्रत्येक माझ्या करंगळीच्या नखाएवढी, आणि त्यांना मी पारदर्शक प्लास्टिकच्या काचा बसवल्या होत्या. शिडं इतकी भरली होती की दोर ताणून बारीक गुणगुणत होते. मास्तरांना ते ऐकू येत नव्हतं. ते सारखे बोलत होते.

चौकटीशी आलो. काठ्या दोन्हीकडून अडल्या.

"कलवा तुमच्याकडं," मास्तर म्हणाले. "थोडं. अजून थोडं. अहो, घाबरता काय, अजून जाईल."

मी कलवलं.

आत काहीतरी सरकलं. आधी एक, मग त्याच्यामागून सगळं, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, जड, गडगडत.

"आत काहीतरी सुटं राहिलंय वाटतं तुमचं," मास्तर म्हणाले.

मग शिडं पडली. फट् असा एकच आवाज झाला आणि सगळी एकदम डोलकाठ्यांना चिकटली. निशाण खाली लोंबलं. माझ्या समोरच्या एका काचेमागं एक तळहात आला आणि काचेवर दाबला गेला.

तो बाहुलीचा नव्हता. तो माणसाचा, पूर्ण हात होता आणि तरी त्या नखाएवढ्या खिडकीत मावत होता. समोरच्या टेकडीवरचं घर आपल्या खिडकीत जसं पूर्ण मावतं, तसा. तो फार लांब होता. तळव्यावर आडवे, लाल, सालटं निघालेले पट्टे होते. मग काचेमागं पाणी चढलं आणि तो हात पाण्यामागं गेला.

ताईच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

"ठेवा," मी ओरडलो. "ठेवा खाली!"

आम्ही ते होतं तसंच, आडवं, दाराच्या फरशीवर ठेवलं आणि मी पळालो.

९

ती पलंगाशेजारी जमिनीवर होती. श्वास घ्यायला तोंड उघडत होती आणि श्वास आत जात नव्हता. ओठांवर गुलाबी फेस होता. मास्तर जिन्यावरून डॉक्टरीणबाईंच्या नावानं ओरडत खाली धावले.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं माझा शर्ट धरला.

"सरळ कर," ती म्हणाली.

मी तिला काखेत धरून उठवलं, पाठीमागं उशा लावल्या.

"सरळ," ती म्हणाली. शब्दाबरोबर घशातून पाण्याचा आवाज आला. "बारक्या... सरळ कर."

"केलंय, ताई. बसवलंय तुला. बघ, सरळ बसवलंय."

तिनं मान हलवली. नाही. तिचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून ते दाराकडं, पलीकडच्या फरशीकडं बघत होते. मी तिच्या पाठीमागं आणखी एक उशी खोचली.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मला बाजूला केलं, सुई काढली, मास्तरांना गाडी बोलवायला पिटाळलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ती नजर कशाकडं होती हे मला तेव्हा कळलं. मी बाहेर धावलो, फरशीवर गुडघे टेकले आणि एकट्यानं ते जहाज उचलून उभं केलं. एवढं जड होतं मघाशी, आता फुलासारखं हलकं होतं. मी ते दोन्ही हातांनी धरून शिडांकडं बघत राहिलो. भरा, म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन, कारण डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "या आत."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं, त्यांनी सांगितलं. असं हार्ट असलं की होतं, कधीही होतं, घरात कुणी काही केलं म्हणून नाही. सिस्टरना स्वतःला हे माहीत होतं. डॉक्टरीणबाई खूप चांगलं बोलत होत्या. मग त्यांनी ताईचे हात छातीवर घ्यायला मुठी उघडल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

"हे कशानं झालं?"

दोन्ही तळव्यांची कातडी आडव्या पट्ट्यांनी सोलून निघाली होती. पट्ट्यांत पीळ उमटला होता, मनगटाएवढ्या जाड दोराचा. खोलीत पलंग होता, स्टूल होतं, गोळ्या होत्या आणि पाण्याचा तांब्या होता.

चादर वर ओढताना त्यांनी तिचे हात आधी झाकले.

१०

जहाज आता पुन्हा टेबलावर आहे. मास्तर घेऊन जातो म्हणतात. "डोळ्यांसमोर नको, त्रास होईल," म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण दार तेवढंच आहे, आणि ते कलंडल्याशिवाय जाणार नाही. मी नको म्हणतो. भाचेमंडळी नाहीत, सूनबाई नाही, मला कुणी हट्टानं विचारणारं नाही.

शिडं त्यानंतर भरली नाहीत. मी चिकटपट्ट्या काढून खिडकी उघडून पाहिली. बाहेरचा वारा येतो, धूळ येते, निशाण जरा फडफडतं आणि खाली पडतं. तो वारा वेगळा.

मला आता वाटतं ते असं की ताई गेली, पण तिथं ती एकटी नव्हती. तिच्या गाठींना चांगलं म्हणणारी माणसं होती. ती सगळीच गेली असं कशावरून? आणि मला हे कुणाला विचारताही येत नाही. झडपेशी तोंड नेऊन मी तिला हाक मारतो. कान लावतो. कधी कधी वाटतं, फार खालून कुणीतरी काहीतरी ठोकतंय. मग कळतं की तो माझ्याच कानातला ठोका आहे. आणि कधी कधी तेही नक्की कळत नाही.

रस्त्यावरून जड ट्रक गेला की आमची खोली थोडी हादरते. तांब्यातलं पाणी थरथरतं. मी जिथं असेन तिथून उठतो, हातातला घास ठेवतो आणि जाऊन जहाज दोन्ही हातांनी धरतो. ट्रक लांब जाईपर्यंत धरून ठेवतो.

परवा मास्तर चहाला आले होते. मी तसाच उभा असताना त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

"पडत नाहीये हो ते," ते हळूच म्हणाले. "सोडा आता."

आणखी एक ट्रक येत होता. मी ऐकत होतो.